तारेवरची पिंक

फोनात कुणीतरी पिंक टाकली. पच्च.

कडूबाईनं रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला आन् पदरानं कान पुसला. जावई उमाजी तिकडं पालमच्या पोस्टातून बोलत होता. पिंक त्याची नव्हती. ती समोरच्या घरातली, माणिकरावांची.

"मामी, ऐकायलाव ना?" उमाजी म्हणला. "डावा हात मोडला, आता उजवा मोडीन. उद्या न्यायला येतो. गुमान धाडा."

त्यानं फोन ठेवला. मग समोरच्या घरात रिसीव्हर ठेवल्याचा खटका झाला. चुलीपाशी तिची लेक सरजा बसली होती, डावा हात गळ्यात बांधून. सासरच्यांनी सांगितलं होतं, विहिरीच्या पायरीवरून पडली. पोरगी एसटीत बसून एकटी माहेरी पळून आली, तेव्हा खरं काय ते आईला कळलं. बाकी कुणाला पटंना.

आधी अख्ख्या चुडावा गावात फोन एकट्या माणिकरावांकडं. त्यांच्या ओसरीवर फोनची वाट बघत बसायचं म्हंजे तंबाखूच्या वासात बसायचं. ओसरीपुढच्या लिंबाचं खोड त्यांच्या पिंकांनी इतकं लाल झालं होतं की लांबून येणारा पाव्हणा पळस फुलला म्हणायचा. म्हणून ते जेव्हा म्हणले, तार ओढून तुमच्या घरी दुसरा फोन बसवून देतो, फुकट, तेव्हा कडूबाईला देवच पावला. अट एवढीच की घंटी वाजली की आधी ते उचलणार, कुणाचा हाय ते बघणार. कडूबाई हो म्हणली. पोरगी लांब दिलेली, तिचा आवाज घरात येईल, आणखी काय पायजे.

पण ते फोन उचलायचे तो ठेवायचेच न्हाईत, समदं ऐकत बसायचे. एकदा ती शेजारणीला सांगत होती, भावाच्या सुनेला सातवा लागला. तर माणिकराव रस्त्यापलीकडून वरडले, सातवा कुठला, सहावा, परवा फोनवर काय बोललाव तुमी. चूक खबर त्यांना सोसायची न्हाई. नामांतराच्या मोर्चानं एसटी बंद पडली तरी किती वाजता, कुठल्या फाट्यावर, हे त्यांनाच पक्कं ठाऊक. कडूबाईला शिसारी आली. आपल्या भांड्यात कुणी उष्टा हात घालावा तसं वाटलं. ती भांडायला गेली, तर ते हसले. फोन घेताना हो म्हणलाव ना, मग झालं.

तेव्हापासून ती रिसीव्हर राखेनं घासायची. तरी त्याला तंबाखूचा वास यायचाच. पण तार तोडली तर सरजाचा आवाज तुटला असता. तिनं तार ठेवली आन् किळस गिळली.

दुसऱ्या दिवशी उमाजी नवी टोपी घालून आला. चार जाणती माणसं बसली, ती माणिकरावांच्याच ओसरीवर. उमाजीनं हात जोडले. मामीला मी आईवाणी मानतो म्हणला, फोन केला तो खुशाली इचारायला. लोकांना ते पटलं, कारण कडूबाईला तिखटमीठ लावून सांगायची खोड. तिच्या शेळीनं लांडगा पळवला, तिच्या भोपळ्यात मांजर व्याली, हे समद्या गावानं ऐकलेलं. ठरत आलं होतं की सरजानं दुपारच्या गाडीनं नवऱ्याबरोबर जावं.

मुंजाजीबुवा सगळ्यांत थोरले. त्यांनी इचारलं, "कडूबाई, फोनवरलं बोलणं तुमच्याबिगर कुणी ऐकलं का?"

कडूबाईनं माणिकरावांकडं बघितलं. ते तंबाखू चघळत आढ्याकडं बघायलेले. उमाजीच्या बापाचा कापूस दरसाल त्यांच्याच काट्यावर विकायला यायचा. सरळ इचारलं तर न्हाईच म्हणणार, हे तिला कळलं. भिंतीआड सरजा उभी होती.

मग कडूबाईनं पदर खोचला. सांगते बुवा, ऐका, म्हणली. जावई म्हणला, तिचे दोन्ही पाय तोडीन. एक दोघं हसले. माणिकरावांचं चघळणं थांबलं. रॉकेल वतून पेटवीन म्हणला, कडूबाईनं रेटलं. माणिकराव मांडी बदलून बसले, कपाळाला आठी पडली. आन् तिचं नाक कापून पालमच्या बाजारात टांगीन म्हणला, वर हलगी लावीन म्हणला. सगळी ओसरी हसायलेली. एकटे माणिकराव तेवढे हसत नव्हते. कानात गोमाशी शिरावी तशी त्यांची मान हलत होती.

"कायबी काय सांगताव कडूबाई," ते एकदम म्हणले. "पाय न्हाई, नाक न्हाई, रॉकेल न्हाई. डावा हात मोडला, आता उजवा मोडीन, एवढंच म्हणला त्यो."

हसणं विझलं. उमाजीचे जोडलेले हात सुटले.

"पोरगी जायची न्हाई," मुंजाजीबुवा म्हणले. "आन् माणिकराव, तुमी हे कुठून ऐकलं, ते सांगा आता."

माणिकराव पिंक टाकायला लिंबाकडं वळले. पण समद्या ओसरीची नजर त्यांच्या तोंडावर होती. जन्मात पहिल्यांदा त्यांनी पिंक गिळली.