शेजारची सीट

“तुझं वजन किती गं?” संगणकावर विमान उडवत बसलेल्या नवऱ्याने आतून विचारलं. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाला हे नवं खूळ लागलं होतं.

“एकसष्ट! झालं समाधान?” बायको फणकारली.

“ये की, बस जरा शेजारी.”

“खेळण्यातल्या विमानात बसायला मला सवड नाही.”

तो गेल्यावर महिन्याभराने लेकीने त्याचं जपून ठेवलेलं उड्डाण सुरू केलं.

“आई, बघ, दांडा सोडला तरी विमानाचं नाक हलत नाही. बाबांनी आतल्या वजनाप्रमाणे ट्रिमचं चाक फिरवून तोल अगदी चोख लावलाय.” मग तिने पडद्यावरची वजनं वाचली. “वैमानिक चौऱ्याहत्तर, शेजारची सीट एकसष्ट. हे शेजारी कोण बसायचं गं?”

“कुणी बसलंच नाही,” आई म्हणाली.