जोड लावण्याआधी

“थांबा वहिनी, घासू नका!”

धाकटा दीर ओरडला तशी वहिनीने तारेचा ब्रश तसाच वर धरला. मागच्या अंगणात दोन स्टुलांवर मोटरसायकलचा नुसता सांगाडा आडवा टाकला होता. सासऱ्यांची जुनी गाडी, दिरापेक्षा वयाने मोठी. हँडल बसतं त्या मानेखाली नळी आरपार मोडलेली. ती मोडली त्या अपघातात थोरला, वहिनीचा नवरा, गेला आणि सांगाडा मागच्या खोलीत जाऊन पडला. आता आईंनी हट्टच धरला होता, मी डोळे मिटायच्या आत गाडी दारात उभी दिसली पाहिजे. धाकटा गेट आणि ग्रिल बनवायचा, वेल्डिंगचं मशीन घरचंच. नाही म्हणायला जागा नव्हती.

आई खुर्ची टाकून देखरेखीला बसल्या होत्या. “एवढंसं जोडायला सकाळपासून लागलायत. तुझ्या बाबांनी एव्हाना फेरी मारून आणली असती.”

“बाबांनी ती चालवली कमी, ढकलली जास्त.”

एरवी वहिनी हसली असती. पण या गाडीजवळ तिला हसू येत नसे. थोरला त्या संध्याकाळी निघाला तो तिचा फोन आला म्हणून. ‘लवकर या,’ एवढंच ती म्हणाली होती. तेवढ्यावरून आईंनी तिला जे धरलं ते आजतागायत सोडलं नव्हतं. हिने घाई केली, पोरगं सुसाट निघालं, वळणावर गेलं. गल्लीत घरोघरी सांगून झालं होतं. कुणी नवा भाडेकरू आला की सामान उतरायच्या आत त्यालाही कळायचं. वहिनी मुकाट ऐकायची, कारण तिलाही ते खरंच वाटायचं.

धाकट्याने नळीचं मोडलेलं तोंड उन्हाकडे वळवलं. अर्ध्या कडेवर नुसता गंज होता. उरलेल्या अर्ध्या कडेवर, जिथे मोडलेलं लोखंड तेवढं दिसायला हवं, तिथे भेगा बुजवायची पांढरी लांबी चिकटली होती आणि लांबीवर हिरवा रंग.

“हा रंग आत कसा गेला?”

“वरून ओघळला असेल,” वहिनी म्हणाली.

“मोडल्यावर गाडीला रंग कुणी दिलाय? हा आधीचा आहे. म्हणजे तडा आधीचा आहे.” त्याने नखाने खरवडून पाहिलं. त्याचा आवाज चढला. “अर्धी नळी आधीच गेली होती, वहिनी! कुणीतरी भेगेत लांबी भरून वरून रंग फासलाय. दादा बैलगाडीच्या चालीने आला असता तरी ही मोडणारच होती.”

वहिनीने वाकून नळीचं तोंड स्वतः पाहिलं. “म्हणजे माझ्या फोनमुळे...”

“फोनचा काय संबंध!”

आणि मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. या गाडीला रंग द्यायचा तो आईंनीच. दरवर्षी वर्तमानपत्र पसरून, पदर खोचून त्या ब्रश घेऊन बसायच्या. दुसऱ्याने हात लावलेला खपायचा नाही.

आईंच्या तोंडावरचा रंग पार उडाला होता.

“ओरखडा होता रे तो,” त्या म्हणाल्या. “एवढीशी रेघ. थोरला म्हणाला, धाकट्याला दाखवू. मी म्हटलं, कशाला? तो लगेच भंगारात घाला म्हणेल. म्हणून बुजवली. पुन्हा उघडली, तेव्हा पुन्हा बुजवली.”

“पुन्हा उघडली? अगं आई, आणि इतकी वर्षं तू वहिनीला...” धाकट्याने सांगाड्याकडे पाठ फिरवली.

वहिनीच्या मनात किती काय साठलं होतं. ओरडावं, विचारावं, खुर्चीवरून ओढून गदागदा हलवावं. तोंडातून निघालं ते भलतंच.

“आई, पाणी देऊ?”

तिचा तिलाच संताप आला.

आई उठल्या. भिंतीला धरत, अनवाणीच, घराच्या कडेने पुढे गेल्या. आत जाऊन पडतील असं दोघांना वाटलं. मग फाटक वाजलं, आणि शेजारच्या दारातून त्यांचा आवाज आला. चांगला मोठा.

“अहो, बाहेर या जरा. मी तुम्हाला म्हटलं होतं ना, सुनेच्या फोनमुळे गेला म्हणून? साफ खोटं. मीच मारलं माझ्या पोराला.”

वहिनी धावत फाटकाशी पोचली. “आई, पुरे! घरी चला!”

आईंनी वळूनही पाहिलं नाही. त्या पुढच्या घराची कडी वाजवत होत्या.