टाकीवरचा रविवार

हिंगोलीतल्या नव्या पाण्याच्या टाकीवर चढून गाव पाहायची मुभा फक्त त्या रविवारपुरती होती. सोमवारी टाकी भरणार. खाली वॉचमन शिट्टी घेऊन बसलेला. एका वेळी दहाजण वर, शिट्टी वाजली की मुकाट खाली.

जिनिंगवरचा मुकादम किशनराव पुढं, मागं त्याची बायको जनका, तिच्या कडेवर तीन वर्षांची रूपा. माळवदावर पापड वाळत घालायला चढतानाही जनकाचे पाय लटपटायचे. आज मात्र बाई कुठं टेकली नाही की थांबली नाही. चार दिवस तिनंच लकडा लावला होता, टाकी पाहायची म्हणून. किशनरावाला नवल वाटलं. बायकांच्या डोक्यात काय येईल, सांगता येतं का!

वर वारं भणाणत होतं. लोक कठड्याला धरून एकमेकांना गाव दाखवत होते. ते स्टेशन, तो गंजबाजार, ती कयाधू नदी.

"ते बघ आपलं जिनिंग," किशनराव म्हणाला आणि वळून पाहतो तर बायको शेजारी नाही. ती पार पलीकडच्या बाजूला कठड्याशी उभी होती.

तिथून खाली दुसऱ्या गल्लीतलं एक अंगण स्वच्छ दिसत होतं. लिंबाच्या सावलीत एक म्हातारी सुपात डाळ निवडत बसली होती. ती जनकाची आई, भागूबाई.

माहेर चालत दहा मिनिटांवर. पण भावाच्या लग्नात सगळ्या सोयऱ्यांना फेटे बांधले आणि घरच्या जावयापाशी येईस्तोवर फेटे संपले. "घरचाच माणूस हाय, चालतंय," सासरा म्हणाला. किशनराव भरल्या पंगतीतून उठला, तो उठलाच. चार वर्षं त्यानं तो उंबरा ओलांडला नाही, बायकोलाही ओलांडू दिला नाही. रूपाच्या वेळचं बाळंतपणसुद्धा सासरीच झालं. सासराही काही कमी नाही. आधी जावयानं यावं, मग बाकीचं. त्यानं भागूबाईलाही घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. दोघांचा मान राहिला, झुरल्या त्या मायलेकी.

किशनराव जवळ आला. बायको कुठं बघतेय ते त्यानं पाहिलं.

"याच्यासाठी लकडा लावला व्हता का?"

"व्हय," जनका म्हणाली. नजर तिनं काढली नाही.

खाली शिट्टी वाजली. माणसं जिन्याकडं निघाली.

"झालं ना माय पाहून? चाल आता."

"म्या पाह्यली," जनका म्हणाली. तिचा आवाज फाटला. "तिनं कुठं पाह्यलं माझ्या लेकराला? तिचा काय गुन्हा व्हता?"

किशनरावानं पुन्हा खाली पाहिलं. म्हातारीची मान सुपावर खाली होती. तिनं वर कशाला पाहावं?

दुसरी शिट्टी वाजली. "ओ मुकादम, उतरा की!" वॉचमन ओरडला.

किशनरावानं बायकोच्या कडेवरून पोरीला घेतलं, खांद्यावर बसवलं आणि कठड्याला जाऊन टेकला. जनकानं पोरीचे पाय घट्ट धरले. मग जिनिंगमध्ये मजुरांना हाळी घालतो, तसल्या आवाजात तो ओरडला,

"ओ मामीऽ! वर बघा! वर, टाकीवर!"

सूप कलंडलं. गुडघ्यावर हात देत भागूबाई उठली, कपाळावर तळवा धरून तिनं वर पाहिलं. पाहतच राहिली. मग वळून घरातल्या कुणाला तरी हातवारे करून बोलावू लागली.

जनका रडत होती. रूपा कुणाला ते न कळताच हात हलवत होती.

तिसरी शिट्टी. वॉचमन चिडून जिना चढू लागला.

"दम की जरा!" किशनराव त्याच्यावरच खेकसला. "म्हाताऱ्याला भाईर तर येऊ दे."