लवकर निसवलेला गहू

“बी मिसळलंय तुमचं. आईबाप दोन्ही वाण उशिरा निसवणारे, मग या रोपांना इतक्या लवकर ओंब्या कशा?” विभागप्रमुख बेंद्रे बांधावरूनच म्हणाले.

“दोन्ही वाणांत एकेक जनुक आहे, सर. एकेकटं असताना ते काही करत नाही. दोन्ही एका रोपात आली की गहू लवकर निसवतो,” शर्वाणी म्हणाली. “मी तपासून पाहिलंय.”

“ते नंतर बघू. सोमवारी पाहुणे येताहेत, इथं मांडव घालायचाय.” वाफा नांगरायला आणलेल्या ट्रॅक्टरला त्यांनी हात केला.

शर्वाणीची कानशिलं तापली. कित्येक हिवाळे तिनं या संकरासाठी घालवले होते. ती सरळ वाफ्यात शिरली आणि मातीसकट रोपं उपटून बादल्यांत भरू लागली. ट्रॅक्टरवाल्यानं आपणहून इंजिन बंद केलं.

“मॅडम, ही संस्थेची जागा आहे,” बेंद्रे ओरडले.

“जागा ठेवा तुम्ही. गहू मी नेतेय.”

फेब्रुवारीतच ऊन कडक झालं. संस्थेतला बाकीचा गहू दाणा भरण्याआधीच वाळला. शर्वाणीच्या गच्चीवर बादल्यांतला गहू मात्र तोवर भरून पिवळा झाला होता.

एका सकाळी बेंद्रे जिना चढून वर आले. त्यांनी एक ओंबी तळहातावर चोळली आणि एक दाणा दाताखाली फोडला.

“छान भरलाय. आपल्या दोघांच्या नावानं शोधनिबंध पाठवू.”

शर्वाणीनं त्यांच्या तळहातावरचे उरलेले दाणे वेचून घेतले, मुठीत घट्ट धरले.

“उतरा खाली,” ती म्हणाली.