आईची शिट्टी
"ओकरिम, ती मधली शिट्टी काढून टाक, गाणं साफ हवंय," निर्माते कांगसाहेब म्हणाले. रेकॉर्डिंगमध्ये जेजू बेटावरच्या पाणबुड्या बायका गात होत्या, त्यांत ओकरिमची आईही होती. ओकरिमनं संगणकावर आवाज स्वच्छ करणारं प्लगिन लावलं. त्यानं शिट्ट्या गोंगाट समजून पुसून टाकल्या. ओकरिमनं ते पुन्हा ऐकलं. लहानपणी खडकावर बसून ती आईच्या शिट्टीची वाट बघायची. पाण्यातून वर आलेली बाई रोखलेला श्वास सोडते, तेव्हाच शिट्टी वाजते. आता लाटा होत्या, गाणं होतं, पण आई वर येतच नव्हती. तिनं प्लगिन काढून टाकलं. "शिट्टी राहणार. नसेल चालत तर दुसरं कुणी बघा." "हट्टी आहेस." "आहेच. ऐका आता." तिनं रेकॉर्डिंग लावलं. गाणं थांबलं, बायकांनी बुडी मारली, नुसत्या लाटा उरल्या. कांगसाहेबांनी नकळत श्वास रोखला आणि शिट्टी ऐकू आली तेव्हाच सोडला.