झिजलेला येशू

“चेहरा परत पुसा,” कुरोदा-सान म्हणाल्या.

अनुपला वाटलं, आपलं जपानी चुकतंय. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. पडद्यावर क्रूस खांद्यावर घेतलेला येशू होता. जर्मनीतलं पाचशे वर्षांपूर्वीचं चित्र, लाकडी ठशावरून छापलेलं. जपानातल्या त्सुकुबा गावच्या संग्रहालयात अशी तीनशे होती. त्यांचे स्कॅन साफ करायचे, हे अनुपच्या कंपनीचं काम. या चित्रात शिपाई, भाले, डोंगर सगळं ठणठणीत. येशूचा चेहरा तेवढा उडालेला. अनुपने शेजारच्या रेघा उचलून नाक-डोळे भरले होते. चार महिने हेच चाललं होतं. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांच्या नुसत्या खाचा झाल्या होत्या.

कुरोदा-सान रागावल्या नव्हत्या. संग्रहालयातल्या साठीच्या बाई, बोलणं मऊ. ही चित्रं साध्या माणसांच्या घरी पेटीच्या झाकणाला चिकटवलेली असत, त्या सांगू लागल्या. येता-जाता कुणी हात फिरवायचं, कुणी ओठ टेकवायचं.

“हा डाग नाही, अनुप-सान. इथे कुणाचा तरी जीव जडला होता.”

झालं! म्हणजे तीनशेच्या तीनशे पुन्हा. टीम लीड रणजितने हात वर केले. पुढच्या आठवड्यातल्या रजेचा अर्ज संध्याकाळपर्यंत मागे घे, म्हणाला. अनुप वैतागलासुद्धा नाही. वैतागायलाही अंगात त्राण लागतं. जपानला आल्यापासून चार वर्षांत ही तिसरी रजा बुडत होती आणि साताऱ्याला आई पंचाहत्तरीची झाली होती.

जेवणाच्या सुट्टीत त्याने बहिणीला फोन लावला. शैलजाने त्याला तोंडच उघडू दिलं नाही. संक्रांत होती, आधी तिळगूळ झाला. मग म्हणाली, तुझ्या रजेचं काही खरं नसतं, तू आपला एक फोटो पाठव. आईकडचा खराब झालाय. दिवसभर हातात घेऊन बसते, बोटं फिरवत राहते. शर्टाची चौकडी कोरी करकरीत, चेहरा मात्र पार गेलाय.

“मी निघालो तेव्हाचा ना? जुनाच होता तो,” अनुप म्हणाला.

“तो कधीच गेला रे. हा तू दिवाळीत पाठवलास तो.”

दिवाळीला जेमतेम दोन महिने झाले होते. अर्ज मागे घ्यायला अनुप गेलाच नाही.