कोंबड्याआधी

"कोंबड्याआधी जो उठतो, त्याला वैद्य लागत नाही."

ही ओळ ज्यानं लिहिली तो गुन्हेगार आहे. उबदार खोलीत बसून, पोटभर जेवून, निवांत शाई घोटून लिहिली असणार त्यानं. लोकांनी माना डोलावल्या असणार. त्याच्या दारात जाऊन जाब कुणी विचारला नाही. सूयुनच्या खोकल्याचा जाब त्यानं द्यायला हवा होता.

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात, दाराच्या उजव्या अंगाला, ती ओळ लांब उभ्या पट्टीवर लोंबत होती. डाव्या अंगाला टीव्ही होता. आश्रम चालवणाऱ्या थाओबाई या ओळीच्या जोरावर पहाटे पाचला घंटा वाजवत. बाहेर नदी दगडासारखी गोठलेली. श्वास मिशीवर पांढरा होऊन बसायचा. तरी सगळे म्हातारे अंधारात अंगणात उभे राहून व्यायाम म्हणून दंडांवर, मांड्यांवर थापट्या मारत. तपासणीला येणाऱ्या साहेबांना ते फार आवडायचं.

त्या पहाटे लुआन बायकोच्या मनगटावर तीन बोटं ठेवून बसला होता. बोटं उचलून त्यानं आपली रजईही तिच्या अंगावर घातली.

"उठते हो," सूयुन म्हणाली. "नाहीतर बाई येतील."

"येऊ देत."

बाई आल्याच. "चला आजी. पहाट म्हणजे फुप्फुसांची वेळ. खोकला असा पळेल."

"वसंतात पळेल," लुआन म्हणाला. "थंडीत देहातला अग्नी खोल जाऊन झोपतो. उन्हाआधी त्याला उठवायचं नसतं. खिडकीत ऊन आलं की मीच आणतो हिला बाहेर."

"एकीला सोडलं की उद्या सगळेच लोळतील. आणि नियम माझा नाही, भिंतीवर लिहिलाय."

"बाई, ती ओळ मी—"

"रोज वाचता, माहीत आहे. वाचल्यासारखं वागावंही."

"ती अर्धवट आहे. मी कोण होतो ते—"

"इथं प्रत्येक जण पूर्वी कुणीतरी मोठा होता, आजोबा. खाली एक सेनापती आहेत. त्यांना जोडे घालायला दोन माणसं लागतात."

सूयुन उठली. भिंतीला धरून चालत अंगणात गेली.

नंतर जेवणघरात राळ्याची पेज आली. शेजारी गुओ बसला होता. जन्मभर आगगाडीचं इंजिन चालवलेला माणूस, आवाज अजून शिटीसारखा.

"या ओळीवाल्याला मानलं पाहिजे," तो पट्टीकडं चमचा रोखून म्हणाला. "पट्ट्या नेहमी जोडीनं टांगतात. लिहिणाऱ्याचं नाव असतं दुसरीवर. दुसरीच्या जागी आला टीव्ही आणि पठ्ठ्या निसटला. शिव्या घालाव्या तर नाव नाही. आणि ही बघ, एकटी लोंबतेय विधुरासारखी."

"सापडला तर काय करशील?" लुआननं विचारलं.

"अंगणात उभा करीन. उन्हाआधी, बंडी काढून."

लुआननं वाडगा खाली ठेवला. "कर," तो म्हणाला.

"तू कशाला तोंड पाडतोस? ऊन आलं की चल माझ्याबरोबर फरशीवर लिहायला. हात मोकळा होईल."

गुओकडं काठीएवढा लांब कुंचला होता. तो पाण्यात बुडवून म्हातारे फरशीवर अक्षरं काढत. उन्हाळ्यात ती उडून जात, थंडीत गोठून राहत. सगळ्यांनी कधी ना कधी तो धरला होता. लुआननं कधीच नाही.

खोलीत सूयुन म्हणाली, "सांगून टाका ना बाईंना."

"सांगायला गेलो. तिनं ऐकून घेतलं नाही."

"नीट सांगा."

"नीट सांगायला हा लागतो." त्यानं उजवा हात वर केला. तो थरथरत होता. सूयुननं तो आपल्या दोन्ही हातांत धरला, तरी थांबेना.

ती रोज उठत राहिली. खोकला छातीत उतरला, मग ताप आला. लुआन दर पहाटे मनगट धरायचा, बोटं उचलायचा आणि आपली रजई तिच्या अंगावर घालायचा. एकदा तो दारात आडवा उभा राहिला. दोन मदतनिसांनी त्याला हळूच, अगदी आदरानं, बाजूला केलं.

दवाखान्याची गाडी आली तेव्हा बाहेर काळोखच होता.

"खिडकीत ऊन आलं का हो?" सूयुननं विचारलं.

"येतंय," लुआन म्हणाला. आलं नव्हतं.

दुपारी दवाखान्याचा फोन आला. थाओबाईंनी तो उभ्यानं ऐकला आणि लुआनच्या खोलीकडं निघाल्या.

दुसऱ्या पहाटे घंटा झाली. अंगणात सगळ्यांत आधी लुआन आला होता. अंगात बंडी नव्हती.

"आजोबा, आज नसता उठलात तरी चाललं असतं," थाओबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते.

लुआननं गुओपुढं हात केला. गुओनं कुंचला दिला, गरम पाण्याची बादली पुढं सरकवली. दिव्याखालच्या फरशीवर लुआन लिहू लागला. पाणी पडेल तिथं गोठत होतं. हात थरथरत होता. अक्षरांचं वळण थरथरत नव्हतं.

थापट्या थांबल्या. थाओबाई वाकून वाचू लागल्या.

"हिवाळ्यात जो उन्हाआधी उठतो, त्याला वैद्य वाचवत नाही."

त्यांनी मान वर करून उघड्या दारातून जेवणघरातल्या पट्टीकडं पाहिलं. मग पुन्हा फरशीकडं. प्रत्येक अक्षराच्या शेवटी तोच गळासारखा फराटा, तसाच वर उचललेला.

लुआन खाली बसला आणि कोपऱ्यात, लहान अक्षरांत, त्यानं आपलं नाव लिहिलं.

"मी दोन लिहिल्या होत्या," तो म्हणाला. "दुसरी कुठाय?"